लाह्यांची खळ

"खाला, बाहेर या! नाही आलात तर मी आत येईन, आणि मी आत आले ना, तर मग काही खरं नाही!"

मेहेरुन खालाने सुई हातातच धरून मान वर केली. उंबऱ्यावर बसलेला भजहरी पियादा मात्र दचकून उठला आणि त्याचं डोकं छपराच्या बांबूवर असं आपटलं की झोपडीभर धूळ उडाली.

भजहरी अंगाने रेडा आणि चालीने गोगलगाय. साहेबांच्या कापडकोठीचा कारभार बघणारे गोमस्ताबाबू दाखवतील तिकडे लाठी घेऊन उभं राहायचं, एवढंच त्याचं काम. आज तो रफू केलेलं एक ठाण कोठीवर न्यायला आला होता आणि कालपासून त्याचं डोकं फिरलेलं होतं. काल संध्याकाळी बाबूंनी त्याची मुरमुऱ्यांची पिशवी हिसकावून सरळ नदीत भिरकावली होती. का, तर म्हणे बैठकीत मुंग्या झाल्या! मुरमुऱ्यांशिवाय भजहरी म्हणजे वंगणाशिवाय चाक. सकाळपासून नुसता करकरत होता.

बाहेर थाकोमणी उभी होती. नीलांबर बशाक विणकराची बायको. अख्ख्या काठावर तिच्याइतकं बारीक सूत कुणी कातत नसे. धागा बोटांत आहे की नाही हे तिचं तिलाच कळे. आज तिचे डोळे लालभडक झाले होते, पण त्यांत पाणी नव्हतं. राग होता.

"कोठीच्या मांजरीकडे कशाला आलीस गं?" खालाने विचारलं. "गाव मला हेच म्हणतं ना?"

"म्हणतं. उद्याही म्हणेल." थाकोमणी फणकारली. "आम्ही जीव काढून विणायचं आणि तुम्ही कोठीसाठी त्यातला वाकडा धागा हुडकायचा. पण हरवलेला धागा शोधून काढणारी दुसरी कुणी इथे नाही. म्हणून आले."

खाला हसली. ढाक्याच्या रफूगरांच्या गल्लीत वाढलेली ही बाई अख्ख्या ठाणातून एक खराब धागा उपसून त्या जागी दुसरा घालत असे, आणि तो कुठे घातला हे मग देवालाही सापडत नसे. गल्लीत कुणाची अंगठी हरवली, कुणाचा नवरा हरवला, की लोक तिच्याकडेच यायचे. अंगठी नेहमी सापडायची.

"बस आणि सांग. पहिल्यापासून."

थाकोमणी बसली नाही. उभ्यानेच तिने सांगितलं. ढाक्याच्या बड्या साहेबांसाठीची वीस हात मलमल सहा महिने नीलांबरच्या मागावर होती. चार दिवसांचं काम उरलं होतं. काल भर दुपारी कोठीवर नगारा वाजला. सगळ्या विणकरांनी बायकांसह अंगणात हजर व्हायचं, बाबूंना काहीतरी सांगायचं आहे! लोक धावत गेले, तर बाबू झोपलेले. वैशाखाच्या उन्हात सगळ्यांना बसवून ठेवलं. शेवटी बाबू उठून बाहेर आले आणि म्हणाले, उद्या ढाक्याहून साहेबांचे मुनशीजी येणार आहेत, कुणी तोंड वर करून बोलायचं नाही. झालं, जा.

"घरी आलो तर माग रिकामा. कापड कापून नेलेलं. आणि आज सकाळी बाबू म्हणतात, विणायला घेतानाच कापडाच्या टोकाला कोठी जो शिक्का मारते, त्याचा तुकडा आमच्या तळ्यात सापडला! शिक्का कापून फेकला आणि बिनशिक्क्याचं कापड नीलांबरने चोरून विकलं म्हणे. त्याला फणसाला बांधून ठेवलंय, खाला. दुपारी ओहोटी लागली की मुनशीची नाव सुटणार, आणि नावेतून तो ढाक्याच्या तुरुंगात जाणार. तिकडे गेलेला विणकर परत आला तरी धोटा धरायच्या लायकीचा राहत नाही."

"आणि तो अर्ज?" खालाने हळूच विचारलं.

थाकोमणीने भजहरीकडे तिरका डोळा टाकला आणि ओठ मिटले. आता त्यात लपवायचं काय होतं? भजहरीलाही ठाऊक होतं. बाबूंच्या जुलमाविरुद्ध नीलांबरने साहेबांच्या नावे अर्ज लिहवून घेतला होता आणि एकतीस विणकरांनी त्यावर आपापल्या खुणा केल्या होत्या. आज तो मुनशीच्या हातात जायचा होता.

"चोराचा अर्ज कोण वाचणार?" खाला पुटपुटली. तिने सुई पदराला टोचली. "चल."

कोठीच्या ओसरीवर गोमस्ता गोलोकचंद्र शिकदार लाल लोडाला टेकून बसले होते. लोड गुबगुबीत, बाबू त्याहून गुबगुबीत. पलीकडे खुर्चीवर मुनशी हिदायतुल्ला अत्तराचा बोळा कानात घालून, गावाचाच वास येऊ नये अशा बेताने बसला होता. अंगणात फणसाच्या बुंध्याला नीलांबर बांधलेला.

"आली का थाकोमणी वकील घेऊन?" बाबू खिदळले. "वकीलही कसा, रफूवाली! म्हातारे, चोरीला ठिगळ लागत नाही."

"ठिगळ शिंपी लावतात, बाबू," खाला म्हणाली. "मी धागा ओढते. मुनशीजी, कापड हवंय ना तुम्हाला?"

मुनशीने डोळे बारीक केले. "बीबी, साहेब मला विचारतील, मलमल कुठे? मी काय सांगू, मलमल नाही पण एक माणूस आणलाय, पांघरा? ओहोटी लागेपर्यंत वेळ आहे. शोध."

"शोधू दे की! भजहरी, जा हिच्याबरोबर. कुणाशी काय बोलते ते सगळं मला येऊन..." बाबूंनी मध्येच मानेवर फाटकन चापट मारली. "मेल्या! तुझ्या मुरमुऱ्यांच्या मुंग्या अजून मला तोडून खातायत!"

"बाबू, पिशवी तर तुम्ही कालच..."

"तोंड वर करून बोलतोस?"

भजहरीने तोंड खाली केलं. कानशिलं तापली. खालाने तेवढ्यात मुनशीपुढचा शिक्क्याचा तुकडा उचलला होता. वीतभर रुंद, पांढराशुभ्र, कोपऱ्यात कोठीचा तांबडा शिक्का.

"हा कुणाला सापडला?"

"मला," बाबू छाती फुगवून म्हणाले. "भल्या पहाटे मी स्वतः गुडघाभर पाण्यात उतरून काढला. रात्रभर तळ्यात पडला होता. इथे आणून वाळवला."

खालाने तुकडा बोटांत चुरगाळला. कुरकुर वाजला. मग तिने तो चक्क जिभेला लावला.

"खाला!" भजहरी शहारला. "पुरावा चाटताय?"

"गोडसर आहे," ती म्हणाली आणि तुकडा जागच्या जागी ठेवला.

फणसाखालून जाताना ती नीलांबरजवळ थांबली. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तू कशाला आलीस? गेल्या महिन्यात माझ्या ठाणात तीन दोष काढलेस."

"चार होते. एक मी सांगितला नाही."

नीलांबरने मान वळवली. पहिल्यांदाच.

बाबूंच्या खोलीचं मागचं दार बांबूच्या बनात उघडे आणि त्या बनातून नीलांबरचं घर जेमतेम शंभर पावलं. खालाने मुद्दाम तीच वाट धरली. भजहरी धापा टाकत मागे.

"काल दुपारी तू कुठे होतास रे?"

"बाबूंच्या खोलीच्या पुढच्या दारात, लाठी घेऊन. आत बाबू झोपलेले. कुणाला सोडायचं नाही असा हुकूम."

"झोपलेले तू पाहिलेस?"

"दार बंद होतं. पण झोपलेलेच! काल तर असे गाढ झोपले की घोरलेसुद्धा नाहीत. एरवी बाबू घोरायला लागले की छपरावरची कबुतरं उडून पलीकडच्या काठाला जातात."

खाला नुसती "हं" म्हणाली. हे "हं" भजहरीला फार लागलं. आपण काहीतरी शहाणपणाचं बोललो की मूर्खपणाचं, ते काही कळेना.

मागाच्या छपरात अंधार आणि ओल होती. विणकर पाय सोडून बसतो त्या खड्ड्याच्या काठावर पाण्याची मडकी ठेवलेली. कोरड्या हवेत हे सूत तटकन तुटतं, म्हणून दुपारी इथे कुणी विणायला बसतच नाही. एका मडक्यात दाट पांढरी खळ होती, साळीच्या लाह्या भिजवून, कुटून केलेली. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, ही खळ पाजली की मगच ते केसाहून बारीक सूत मागावर टिकतं.

पुढच्या तुरीवर, त्या आडव्या लाकडी दांड्यावर, गुंडाळलेलं सगळं कापड गेलं होतं. धागे ओवलेली फणी मात्र जागेवर होती, आणि फणीपासून अर्ध्या हातावर, ताण्याला धरून, चार बोटं रुंदीची विणलेली पट्टी लोंबत होती. पट्टीची कड उंदराने कुरतडावी तशी वाकडीतिकडी.

"थाकोमणी, ठाण पुरं झालं की नीलांबर कुठे कापतो?"

"इथे." थाकोमणीने विणलेल्या पट्टीच्या आणि फणीच्या मधल्या मोकळ्या धाग्यांवर बोट ठेवलं. "विणलेल्याला सुरी लावत नाहीत. आणि हे धागे फणीत ठेवावेच लागतात. पुढचा ताणा त्यांनाच एकेक करून जोडायचा ना! नाहीतर फणी नव्याने भरायला महिना जातो." मग ती पट्टीकडे पाहत राहिली, आणि तिचा आवाज बदलला. "ही चार बोटं म्हणजे दोन दिवस बसणं आहे, खाला. मेल्याने मधूनच कापलंय."

"तुझ्या पद्धतीने काप ही पट्टी. बरोबर घे. आणि मुनशीला आज जे द्यायचं होतं, तेही घे."

थाकोमणीने एक क्षण तिच्याकडे रोखून पाहिलं. मग पट्टी कापली आणि कापसाची टोपली कमरेला लावली.

बैकुंठ हा नीलांबरचा चुलतभाऊ. दोघांच्या घरांमध्ये एक तळं आणि दोन वर्षांचा अबोला. अर्जावर खूण न करणारा गावातला हा एकटा विणकर, आणि काल कोठीवर न आलेलाही हा एकटाच.

"मला ताप होता!" दारातूनच तो ओरडला. "आणि त्या चोराच्या बायकोला माझ्या अंगणात पाय टाकू देऊ नका!"

"पाय टाकायला तुझं अंगण धुतलेलं तरी आहे का?" थाकोमणीने कुंपणाबाहेरून परतवलं.

खालाने नाक वर करून वास घेतला. "बोयाल मासा. तापात मोहरीचं कालवण खातोस, बैकुंठ? कुठला वैद्य रे तुझा? आम्हालाही नाव सांग."

भजहरीच्या पोटाने मोठ्याने साथ दिली. बैकुंठचा चेहरा पडला.

"बरं, नव्हता ताप. गळ टाकून बसलो होतो तळ्यावर. नीलांबरच्या बाजूला. तो कोठीवर गेला होता ना, म्हणून! दुपारपासून अंधार पडेपर्यंत बसलो, पाठ त्याच्या घराकडे, नजर गळावर, आणि आज उजाडायच्या आधीपासून पुन्हा. हा राक्षस दोनदा गळ तोडून गेला होता. शेवटी कमरेएवढ्या पाण्यात उतरून धरला. सगळं तळं राडेराड झालं, जाऊन बघा."

"पहाटे तळ्यात आणखी कुणी उतरलं होतं?"

"मी मासे चोरत होतो, खाला. कुणी आलं असतं तर मी पळालो नसतो का?"

तेवढ्यात खालाचं लक्ष वळचणीकडे गेलं. तिथे त्या माशाचा जबडा वाळत घातला होता. बोयालच्या जबड्याचे बारीक वाकडे दात म्हणजे कापूस विंचरायची सगळ्यात चांगली फणी. बैकुंठच्या घरी मात्र कातणारं कुणीच नव्हतं.

"हा कुणासाठी?"

"कुणासाठी नाही," बैकुंठ गुरगुरला. मग कुंपणाकडे न बघता म्हणाला, "तिची फणी तुटलीय. नुसती बोंबलत असते, कान किटले माझे. न्या म्हणावं."

थाकोमणीने कुंपणावरून हात लांबवला आणि जबडा टोपलीत टाकला.

घाटावर खोजा मिनास या आर्मेनी व्यापाऱ्याची नाव होती. विणकरांकडून चोरून कापड घेतो अशी त्याची ख्याती. त्याने तिघांना पाहून शिडीच ओढून घेतली.

"पियादा घेऊन आलात! झडती? या, या! शिकदारने आज सकाळीच घेतली. पेट्या उलथ्यापालथ्या केल्या, माझ्या लोणच्याच्या बरणीतसुद्धा हात घातला."

"मिळालं काही?"

"लोणचं मिळालं. ते नेलं." मिनासने शिडी पुन्हा टाकली आणि एक पेटी उघडून दाखवली. धुतलेली, घडी घातलेली ठाणं आणि मध्ये कडुलिंबाचा पाला. "हे सगळं धुतलेलं. बघ, हात लावून बघ. कोरं, मागावरून उतरवलेलं कापड मी फुकट दिलं तरी घेत नाही. एकदा घेतलं होतं. लाह्यांची खळ असते ना त्यात! तिसऱ्या दिवशी पेटीत मुंग्यांची वारूळं. ठेवली होती साडी, निघालं मासे धरायचं जाळं."

खालाने टाळी वाजवली. अगदी पोरीसारखी. भजहरी बघतच राहिला.

"मिनासशेठ, तुमचं लोणचं परत मिळेल."

"काय कळलं?" भजहरीने विचारलं. "याने चोरलं?"

"भजहरी, तुझे मुरमुरे कधी नदीत गेले?"

"काल दिवस मावळताना."

"आणि बाबूंना मुंग्या आज चावतायत. विचार कर. चालता चालता कर, पाणी उतरायला लागलंय."

भजहरीने विचार केला. खरंच केला. कोठीचं फाटक आलं तेव्हा त्याच्या डोक्यात काहीतरी हललं आणि तो रस्त्यातच उभा राहिला. खालाने वळून पाहिलं. "चल," ती म्हणाली. "आत्ता काही बोलू नकोस."

कोठीच्या घाटाला लागलेल्या मुनशीच्या नावेचा दोर नावाडी सोडत होते. दोन पियादे नीलांबरला फणसापासून सोडवून घाटाकडे ढकलत होते.

"थांबा!" खालाचा आवाज असा चढला की अत्तराचा बोळा असूनही मुनशीने कान चोळला. "मुनशीजी, कापड सापडलं."

दोन्ही पियादे जागीच थांबले. विणकर फाटकाशी गोळा झाले होते. बैकुंठही आला होता, सगळ्यांच्या मागे, हाताला माशाचा वास घेऊन.

"कुठाय?" मुनशी उठला.

"आधी एक वाटी पाणी द्या. नीलांबर, तुझं कापड तुझ्या हाताने कापायचं तर कुठे कापशील?"

"मोकळ्या धाग्यांत. हे काय विचारणं झालं?"

"चोराने विणलेल्यात कापलं. चार बोटं कापड फणीला तसंच ठेवून गेला. बैकुंठ, तू असं कापलं असतंस?"

"मला काय वेड लागलंय?" बैकुंठ मागून ओरडला. "त्याच्याशी माझं भांडण आहे, मागाशी नाही!"

विणकरांत खसखस पिकली. खाला पुढे म्हणाली, "म्हणजे चोर विणकर नव्हे. ज्याने जन्मात माग फक्त वरून बघितला, असा कुणीतरी. आता हा शिक्का. बाबू, हा रात्रभर तळ्यात होता ना?"

"एकदा सांगितलं ना!" बाबूंनी पाठ खाजवली.

"तळं आज पहाटेपासून राडेराड आहे. बैकुंठने त्यात बोयालशी कुस्ती केलीय. आणि तुकडा कसा, तर बगळ्यासारखा पांढरा! बरं, तेही सोडा." तिने थाकोमणीकडून मागावरची पट्टी घेतली. ती करकरीत होती. बोटांत कुरकुर वाजली. "ही त्याच ठाणाची. बघा मुनशीजी, हात लावा. आता ही पाण्यात."

पट्टी वाटीत बुडाली. खालाने ती चोळली. पाणी दुधाळ झालं. मग तिने पट्टी पिळली आणि ओसरीच्या कठड्यावर उन्हात पसरली. वैशाखाचं ऊन आणि वाऱ्यासारखी मलमल! मुनशीचा विडा चघळून व्हायच्या आत पट्टी वाळली. खालाने उचलली, तर ती भिजलेल्या मांजराच्या शेपटीसारखी लुळी. चुरगाळली, तर आवाज नाही.

"पाणी लागलं की खळ उतरते. वाळली तरी परत येत नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि हा तुमचा तुकडा, बाबू, रात्रभर तळ्यात भिजलेला." तिने शिक्क्याचा तुकडा मुनशीच्या कानाशी धरून चुरगाळला. कुरकुर, कुरकुर. "याला पाणी कधी लागलंच नाही. हा तळ्यात सापडला नाही. हा कापणाऱ्याच्या हातातच होता."

बाबूंचा चेहरा तांबडा झाला आणि मग राखेसारखा. "मी... मी काल दुपारी झोपलो होतो! भजहरी दारात होता! विचारा त्याला!"

सगळ्यांच्या माना भजहरीकडे वळल्या. भजहरीने लाठी या हातातून त्या हातात घेतली. बाबूंकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच, तोंड वर करून.

"काल तुम्ही घोरला नाहीत, बाबू."

"काय?"

"घोरला नाहीत. कबुतरं छपरावरच बसून होती." तो पुढे म्हणाला, "तुम्ही खोलीत नव्हताच. मागच्या दाराने बांबूतून गेलात. सगळ्या गावाला उन्हात बसवलंत, कारण सगळी घरं रिकामी हवी होती. आणि मला दारात बसवलंत, कारण..." त्याने लाठी जमिनीवर टेकवली, "कारण मी मूर्ख आहे."

"होतास," खाला म्हणाली. "आता सांग, तुझे मुरमुरे काल नदीत गेले, मग आज मुंग्या कशाला आल्या?"

भजहरी ओसरीवर चढला. लाल मुंग्यांची रांग चटईच्या कडेने निघाली होती. भिंतीकडे नाही, डब्याकडे नाही. ती सरळ लोडावर चढत होती आणि शिवणीत शिरत होती.

"लाह्यांना," तो म्हणाला. "पण माझ्या नव्हे."

त्याने बाबूंना दंडाला धरून बाजूला केलं, एखादं पोतं करावं तसं, आणि लोडाची शिवण दोन्ही हातांनी टर्रकन फाडली. कापूस उडाला. कापसाच्या पोटातून धुकं बाहेर यावं तशी मलमल आली, आणि तिच्याबरोबर शेपन्नास मुंग्या.

नीलांबर ओरडला, "ओढू नकोस! हळू! अरे ओढू नकोस!" हात बांधलेले होते तरी तो धावला.

"एकदा तरी तुम्ही कोरं कापड घरात ठेवलं असतंत, तर शिकला असतात, बाबू," खाला म्हणाली. "विणकराच्या घरात मूलही जाणतं की खळीचं कापड कडुलिंबाच्या पाल्याशिवाय ठेवू नये. बारा वर्षं यांच्या मानगुटीवर बसलात आणि खळीत कधी बोट बुडवलं नाहीत. कापड तर हवंच होतं तुम्हाला. पण त्याहून जास्त हवं होतं, की आज नीलांबर चोर ठरावा, आणि चोराचा अर्ज कुणी हातात घेऊ नये."

विणकरांच्या गर्दीतून कुणीतरी पहिली शिवी हासडली आणि मग बांधच फुटला. मुनशीने हात वर केला.

"पुरे! त्याला सोडा." नीलांबरच्या हातांचा दोर सुटला. "शिकदार, नावेत बसा. तुमचं काय करायचं ते साहेब बघतील."

"त्याला नाही बांधत?" थाकोमणीने विचारलं.

"तो कोठीचा माणूस आहे," मुनशी म्हणाला, जणू पाऊस वरून पडतो असं सांगावं. बाबू छत्री उघडून नावेत जाऊनसुद्धा बसले.

नीलांबर मनगटं चोळत पुढे झाला. "मुनशीजी, एकतीस खुणांचा आमचा अर्ज..."

"मी कापड न्यायला आलोय, कागद न्यायला नाही. नवा गोमस्ता येईल, त्याला द्या."

नवा गोमस्ता! जुन्या लांडग्याविरुद्धची तक्रार नव्या लांडग्याकडे. नावेतून बाबूंचं हसू इथवर ऐकू आलं. नीलांबरची मूठ वळली, पण थाकोमणीने त्याचा दंड धरला. ती खालाकडे बघत होती.

"मुनशीजी," खाला अगदी गरीब आवाजात म्हणाली, "मलमल अशी उघडी नेणार? वाटेत मुंग्या, झुरळं. दुहेरी बासनात शिवून देते. वर तुमची मोहोर लावा, म्हणजे साहेबांखेरीज कुणी उघडणार नाही."

"हं. लवकर."

खाला ओसरीच्या कोपऱ्यात बसली. पाल्यासकट ठाणाची घडी बासनात गेली. "दोरा दे गं," ती म्हणाली, आणि थाकोमणीने कापसाची टोपली तिच्यापुढे ठेवली. माशाच्या जबड्याखालून दोरा निघाला. दोऱ्याबरोबर आणखीही काही निघालं, चार घड्यांचं, आणि ते बासनाच्या दोन पदरांमध्ये सरकलं. खालाची सुई चालली. टाका कुठे पडला, कुठे गेला, कुणाला दिसलं नाही.

भजहरीला दिसलं. तो अगदी शेजारीच उभा होता, लाठी घेऊन.

मुनशीने बासन उचललं. वजन बघितलं, मग दाबलं. कुरकुर वाजलं.

त्याच्या भुवया वर गेल्या. "हे काय? कागद आहे की काय आत?"

खाला सुई पदराला टोचता टोचता थांबली. थाकोमणीने टोपली कमरेशी आवळली. नावेत बाबूंनी छत्री बाजूला सारून मान उंच केली.

"खळ आहे, मुनशीजी," भजहरी म्हणाला. तोंड वर, आवाज मख्ख. "लाह्यांची. पाणी लागत नाही तोवर कुरकुरणारच. आत्ताच नाही का खालाने दाखवलं?"

मुनशीने आणखी एकदा दाबलं. कुरकुर. "खरंच की," तो म्हणाला आणि लाखेवर मोहोर उठवली. "हे तू धर. थेट साहेबांच्या हातात द्यायचं. मध्ये कुणी मागितलं तरी सोडायचं नाही, अगदी मी जरी मागितलं तरी."

"सोडत नाही," भजहरी म्हणाला.

तो नावेत चढला तेव्हा बैकुंठने काठावरून त्याच्या अंगावर एक पिशवी फेकली. मुरमुरे! ताजे, मोहरीचं तेल लावलेले. भजहरीच्या तोंडाला पाणी सुटलं. पण त्याने पिशवी उचलून पार दुसऱ्या टोकाला, बाबूंच्या पायाशी ठेवली.

"इकडे कशाला?" बाबू खेकसले.

"मुंग्या येतील, बाबू," भजहरी म्हणाला.

मग तो बासन मांडीवर घेऊन बसला आणि नदीचा एक थेंबही लागू नये म्हणून त्याने आपलं उपरणं त्याच्यावर पांघरलं.